वळणे आणि अंतरे : औरंगाबादच्या वाटांच्या प्रतिकृती

आजचे छत्रपती संभाजीनगर हे मुळापासून वाटांवर पोसलेले शहर आहे. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी या गावाच्या जागी ते वसवले, १६२६ मध्ये त्याचा मुलगा फत्तेखान याने शहराला फत्तेहनगर हे नाव दिले आणि १६५३ मध्ये, औरंगजेबाच्या दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीत, ते औरंगाबाद झाले. नावे बदलत गेली, तरी सुरत, बुऱ्हाणपूर, पैठण आणि गोवळकोंडा यांच्याकडे जाणाऱ्या वाटांवरच त्याची भरभराट अवलंबून राहिली. या वाटांची प्रतिकृती प्रवाशांनी शब्दांत केली, भूमापकांनी नकाशात केली आणि आता ट्रक चालवण्याचे संगणकीय खेळ खऱ्या रस्त्यांच्या तशाच प्रतिकृती त्रिमित दृश्यांत उभ्या करत आहेत. या तिन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या, तर सर्वांत नवी पद्धत नकाशापेक्षा जुन्या प्रवासवर्णनाच्या अधिक जवळची आहे, असे दिसून येते.

सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारा फ्रेंच जवाहिऱ्या झाँ बाप्तिस्त तॅव्हर्निए याने हा मार्ग मुक्कामांच्या यादीच्या रूपाने नोंदवला. एका मुक्कामापासून दुसऱ्यापर्यंतची वाट, म्हणजे मजल, किती कोसांची आहे हे तो क्रमाने सांगतो. परंतु कोस हे माप प्रदेशागणिक बदलत असल्याने त्याच्या आकड्यांइतकेच महत्त्व त्याने वाटेवर टिपलेल्या खुणांना आहे. नवापूरच्या तांदळाला शिजल्यावर कस्तुरीसारखा वास येतो, हे तो आवर्जून लिहितो. औरंगाबादेतील बीबी का मकबऱ्यासाठी संगमरवर वाहून नेणारे तीनशेहून अधिक गाडे आपल्याला वाटेत भेटले आणि त्यांतील लहानात लहान गाड्यालाही बारा बैल जुंपलेले होते, ही त्याची नोंद तर या मार्गावरील अवजड मालवाहतुकीचे आजही डोळ्यांपुढे उभे राहणारे चित्र आहे. गाव, घाट, नदीचा उतार आणि समोरून येणारा तांडा एवढे राखून मधले सपाट माळरान एका आकड्यात मिटवायचे, ही त्याची रीत होती.

अठराव्या शतकात गरज बदलली आणि तिच्याबरोबर प्रतिकृतीही बदलली. इंग्रज भूमापक जेम्स रेनेल याने १७८२ मध्ये हिंदुस्थानचा जो नकाशा प्रसिद्ध केला, त्यात हैदराबाद आणि औरंगाबाद यांसारख्या दख्खनच्या ठाण्यांची जागा ठरवताना फ्रेंच सेनानी बुसी याच्या फौजेच्या कूचांच्या नोंदी आधाराला घेतल्या होत्या. फौज वळणावळणाने चालते, तर नकाशाला दोन ठाण्यांमधील सरळ अंतर लागते. म्हणून चाललेल्या अंतरातून वळणांपोटी काही भाग वजा करण्याची रीत रेनेलने काटेकोरपणे वापरली. त्यामुळे औरंगाबाद कागदावर आपल्या जागी स्थिर झाले, पण त्या जागेपर्यंत नेणारी वाट कशी चढते आणि कोठे अरुंद होते, हे त्या रेषेतून नाहीसे झाले.

पुढे निजामी अमलात, १९०० च्या सुमारास, मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग शहरापर्यंत पोहोचला आणि १९३२ पासून निजामाच्या रेल्वेखात्याने २७ गाड्यांनिशी आपल्या राज्यात बससेवा सुरू केली. स्वातंत्र्योत्तर काळात सोलापूर–धुळे हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २११ शहरातून गेला आणि नव्या क्रमांकनात तो ५२ क्रमांकाच्या महामार्गाचा भाग झाला. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींमुळे या रस्त्यांवरचा मुख्य प्रवासी आता ट्रकचालक ठरला.

सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या यंत्राचा आणि परिसराचा अनुभव संगणकावर देणारी रचना, याच चालकाच्या नजरेतून रस्ता उभा करतो. प्राग येथील एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीचा २०१२ चा ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध खेळ असून त्याच्या मुख्य भूमीचे प्रमाण सुमारे १:१९ आहे, म्हणजे खऱ्या जगातील एकोणीस किलोमीटर खेळात एका किलोमीटरात बसवले जातात. मोकळ्या रस्त्यावर खेळातले घड्याळही एकोणीस पटींनी धावते, त्यामुळे अंतर आटले तरी प्रवासाचा हिशेब जुळतो. शहरात मात्र ते बरेच संथ होते. या प्रमाणाने संभाजीनगर–पुणे हे सुमारे २३५ किलोमीटरचे अंतर बारा किलोमीटरांच्या आसपास भरेल आणि ताशी साठच्या वेगाने ते बारा मिनिटांत कापले जाईल, तेव्हा खेळातल्या घड्याळात जवळपास चार तास उलटलेले असतील. प्रमाण बदलले की भूमीच बदलते: याच कंपनीच्या ‘अमेरिकन ट्रक सिम्युलेटर’चे प्रमाण २०१६ मध्ये १:३५ वरून १:२० करण्यात आले, तेव्हा तेच रस्ते पावणेदोन पट लांब झाले.

येथे एक मूलभूत अडचण आहे, ती अशी की लांबी आटवता येते, पण रुंदी आटवता येत नाही. ट्रक, मार्गिका आणि वळणाचा घेर हे खऱ्या मापाचेच ठेवावे लागतात, नाहीतर गाडी वळणारच नाही. दौलताबादच्या तटबंदीतील दिल्ली दरवाजा याचे उत्तम उदाहरण ठरेल. वेरूळकडे जाणारा रस्ता त्याच्या कमानीखालून जातो, आणि हत्ती-घोड्यांच्या काळात बांधलेल्या त्या वाटेत अवजड वाहन शिरले की समोरच्याला थांबावे लागते. ही कमान एकोणिसाव्या हिश्शाइतकी लहान केली, तर तिचा अर्थच संपतो. कन्नडच्या पुढे अजिंठ्याची डोंगररांग उतरून चाळीसगावकडे जाणाऱ्या, जेम्स आउट्रमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औट्रम घाटाचेही तसेच आहे. त्यातील सगळी वळणे आटलेल्या लांबीत मावणार नाहीत. मोजकी, चालकाचा कस पाहणारी वळणे पूर्ण मापाने घ्यावी लागतील आणि त्यांची भरपाई कन्नडपर्यंतच्या सपाट पट्ट्यातून करावी लागेल. रेनेलने वळणे वजा करून अंतर राखले होते. सिम्युलेटरला अंतर वजा करून वळणे राखावी लागतात, आणि म्हणूनच त्याचे खरे नाते तॅव्हर्निएच्या मुक्कामांच्या यादीशी आहे.

अशा निवडीसाठी रस्त्याचा दृश्य पुरावा हवा असतो. उपग्रहचित्रांतून रस्त्याची आखणी कळते, परंतु कमानीची उंची, दुकानांच्या पाट्या किंवा घाटातले कठडे कळण्यासाठी जमिनीवरून घेतलेली छायाचित्रे लागतात. रस्त्यावरून सलग छायाचित्रे दाखवणारी गूगलची स्ट्रीट व्ह्यू सेवा भारतात जुलै २०२२ मध्ये दहा शहरांत सुरू झाली. त्यांत पुणे, नाशिक आणि अहमदनगर होते, औरंगाबाद नव्हते. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि नागपूर–मुंबई जोडणाऱ्या या ७०१ किलोमीटरांच्या मार्गावरील लांब पल्ल्याचा ट्रक शहरात न शिरता बाहेरून निघून जाऊ लागला. सहा मार्गिकांचा, चौक नसलेला हा रस्ता प्रतिकृतीला सर्वांत सोपा आहे, कारण त्यात गाळण्याजोगे पुष्कळ आणि राखण्याजोगे थोडे आहे. अवघड आहेत त्या दिल्ली दरवाजाच्या आणि औट्रम घाटाच्या जुन्या वाटा, ज्यांचा इतिहास त्यांच्या अरुंदपणात आणि वळणांत साठलेला आहे. त्या काळजीपूर्वक मापून, छायाचित्रांसह नोंदवून ठेवण्याचे काम खेळाच्या निमित्ताने झाले, तरी ते इतिहासाचेच काम ठरेल; कारण ज्या रस्त्याची वळणे कोणी लिहून ठेवली नाहीत, त्या रस्त्याचे पुढच्या पिढीच्या हाती फक्त अंतर उरते.