डोळ्यात नाही, कानात तेल!

इअरबड्स कानात घालूनच ऐकताय ना? मग आजचा भाग तुमच्यासाठीच आहे.

गेल्या पावसाळ्यात माझा उजवा कान खाजायला लागला. दिवसभर ऑफिसच्या कॉलवर इअरबड्स, संध्याकाळी जिममध्ये पण तेच. आजी म्हणाली, "उष्णता झाली असेल रे, तेल सोड." लसणाच्या दोन पाकळ्या तेलात लाल होईपर्यंत तळल्या, कोमट तेल चमच्याने कानात, वरून कापसाचा बोळा. तीन रात्री केलं. चौथ्या दिवशी कान ठार बंद. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणाले, "मळ नाहीये हा. बुरशी आहे. ओल्या, तेलकट कानात तिचं चांगलं फावतं. तेल घालायला कुणी सांगितलं?"

मी आजीचं नाव सांगितलं नाही. पण घरी येताना डोक्यात एकच प्रश्न होता. आजीला कुणी सांगितलं?

मग शोधत बसलो. मागे मागे जात थेट सुश्रुतसंहितेपर्यंत पोचलो. त्यातल्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग मोजलेत. खाज म्हणजे कर्णकंडू, साचून वाळलेला मळ म्हणजे कर्णगूथ, आणि वाहणारा कान म्हणजे कर्णस्राव. तीन वेगळी नावं, तीन वेगळे आजार! मळासाठी सांगितलेली पद्धत अशी: आधी तेलाने तो ओला करायचा, शेक देऊन सैल करायचा आणि मग वैद्याने शलाकेने, म्हणजे बारीक सळईने, काढायचा. 'वैद्याने' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जरा रोमला जाऊ. पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या लेखकाने वैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातही हेच! कानात खपली धरली असेल तर गरम तेल सोडा, सुटली की कोमट पाण्याने धुऊन काढा. आणि आपल्या शहराच्या जुन्या भागात जी युनानी परंपरा आहे, तिच्यात कानासाठी कडू बदामाचं तेल, रोगन-ए-बादाम तल्ख. म्हणजे सगळ्यांचं अल्गोरिदम एकच: आधी मऊ करा, मग काढा.

गंमत म्हणजे हे चूक नाहीये. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आजही मळासाठी ऑलिव्ह किंवा बदाम तेलाचे दोन-तीन थेंब काही दिवस घालायला सांगते. पण सोबत एक अट घालते. पडद्याला भोक असेल तर तेल घालायचं नाही.

मग गाडी रुळावरून घसरली कुठे?

मला वाटतं, या पद्धतीचे दोन तुकडे झाले तिथे. तेलाचा तुकडा घरात राहिला. बाळाची टाळू भरताना कानात दोन थेंब, दिवाळीच्या अभ्यंगाला दोन थेंब, सर्दी झाली तरी दोन थेंब. आणि सळईचा तुकडा गेला रस्त्यावर. गावगाड्यातल्या न्हाव्याच्या धोपटीत वस्तरा, कात्री, चिमट्याबरोबर कानकोरणंही असायचं. शहरात कान साफ करणारे फिरायचे. डोक्याला लाल फेटा किंवा टोपी, तिच्यात खोचलेल्या सळया, खांद्याला कुप्यांची पिशवी. लहानपणी शहागंजात असा एक माणूस मी पाहिलाय. गिऱ्हाईक डोळे मिटून अगदी समाधीत!

आणि वैद्य? तो मधल्यामधे गळून पडला. खाज, मळ आणि वाहणारा कान यांतला फरक ओळखणारा माणूसच राहिला नाही. तिन्हींवर औषध एकच, तेल.

अर्थात, वैद्यालाही आत नीट दिसत नव्हतंच. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, वाकडी आणि अंधारी. 1841 मध्ये जर्मनीत हॉफमन नावाच्या डॉक्टरने मधोमध भोक असलेला आरसा वापरून कानात उजेड पाडला. 1855 मध्ये फॉन ट्रोल्च यांनी तसाच आरसा पुढे आणला आणि तो सगळीकडे पसरला. जिवंत माणसाचा पडदा नीट बघून मग उपचार ठरवायचे, हे खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झालं. म्हणजे तेलाची परंपरा दोन हजार वर्षांची, आणि बघण्याची दोनशेचीसुद्धा नाही.

नंतर आला कापसाचा बड. 1923 मध्ये अमेरिकेत लिओ गर्स्टेनझँग यांनी तो बाजारात आणला, बाळांच्या निगेसाठी. पुढे त्याचंच नाव क्यू-टिप्स झालं. 1970च्या दशकापासून डब्यावर छापलं गेलं की कानाच्या नळीत घालू नका. आपण अर्थातच नळीतच घालतो! खरं तर नळीची कातडी स्वतःच हळूहळू बाहेर सरकते आणि मळ सोबत आणते. बड तो उलटा आत ढकलतो. भारतात 1 जुलै 2022 पासून प्लास्टिक काडीच्या बडवर बंदी आली, पण ती कचऱ्यामुळे. कानाचा विचार तिथेही नव्हता.

आता रील्सवर कॅमेरा लावलेलं कानकोरणं विकतात. मोबाइलवर आतलं सगळं दिसतं. पण दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं. माझी बुरशी मला त्यात मळच वाटली असती.

डॉक्टरांकडून आल्यावर आजीला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. ती गप्प बसली. मग म्हणाली, "माझा डावा कान लहानपणी वाहायचा. आई रोज तेल सोडायची. दोन वर्षांत ऐकूच येईना." इतकी वर्षं ती कायम माझ्या डाव्या बाजूला का बसते, हे मला त्या दिवशी कळलं. तिचा उजवा कान माझ्याकडे असतो.

तो कान तेलानेच गेला असं मी म्हणणार नाही. वाहणारा कान नुसता दुर्लक्ष केला तरी जातो. पण तेल घातलं की उपचार झाला असं घरच्यांना वाटलं, आणि कुणी आत बघितलंच नाही. पणजीची माया खोटी नव्हती. तिच्याकडे आरसा नव्हता, एवढंच. आपल्याकडे आहे. घाटीत, म्हणजे 1956 पासूनच्या आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजात, कानाची ओपीडी आहे.

तेव्हा कान दुखतोय, वाहतोय, अचानक कमी ऐकू येतंय किंवा पडद्याला कधी भोक होतं, तर घरचं काहीही घालू नका. नुसती खाज असेल तर आधी इअरबड्स काढा, पुसा, कान कोरडा ठेवा. कमी झाली नाही तर दाखवून या. म्हण आहेच ना आपल्याकडे, सोनारानेच कान टोचावे.

आणि हो, घरी कुणी नेहमी एकाच बाजूला बसत असेल, तर का ते एकदा विचारा. भेटू पुढच्या भागात!