डिझेल ट्रकचा श्वास आणि शहाद्याची धूळ

१/ एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यासाठी निदान दहा हजार लिटर हवा लागते. ट्रकमालक डिझेलचा हिशेब पैशागणिक ठेवतो. हवेचा कोणी ठेवत नाही, कारण ती फुकट मिळते. शहाद्यात तिच्यासोबत धूळही फुकट मिळते. इंजिनाच्या श्वासमार्गाचा आणि तो घरच्या घरी बांधू पाहणाऱ्या मिस्त्र्यांच्या खटपटीचा हा इतिहास.

२/ आधी भूगोल. तापी खोऱ्यातली रेल्वे नदीच्या दक्षिणेने, दोंडाईचा-नंदुरबारवरून गेली. शहादा उत्तरेला, रेल्वेविना राहिले. त्यामुळे इथला कापूस, केळी, पपई आणि पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा-तापी परिसर साखर कारखान्याचा ऊस हे सारे रस्त्यावरच अवलंबून. एक रस्ता बऱ्हाणपूर-अंकलेश्वरचा, दुसरा खेतियाकडे, तिसरा धडगावच्या घाटात चढणारा. ट्रक आजारी पडला की माल शेताच्या बांधावरच थांबतो.

३/ रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्यांचे इंजिन यशस्वी झाले. त्यात ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे. पेट्रोलच्या जुन्या इंजिनात हवेची वाट झडपेने अरुंद करून वेग आवरत. डिझेलमध्ये वेग आवरायचा तो इंधन कमी करून, हवेची वाट सताड उघडी. म्हणजे हे यंत्र जन्मतःच मोठ्या श्वासाचे. सुरुवातीची इंजिने मात्र कारखान्याच्या आडोशाला एका जागी बसवलेली असत. धुळीचा प्रश्न तिथे फारसा नव्हता.

४/ महाराष्ट्रात साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने घडवली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढे विहिरीच्या काठी इंजिन दिसणे नवलाचे राहिले नाही. खेड्यातला मिस्त्री डिझेलचे यंत्र शिकला तो अशा विहिरीवर, असे माझे मत आहे.

५/ १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डायम्लर-बेन्झशी करार केला आणि जमशेदपुरात डिझेल ट्रक तयार होऊ लागले. सुमारे साडेचार लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन. मिनिटाला दोन हजार फेरे धरले तर ते मिनिटाला चार हजार लिटरच्या आसपास हवा ओढते. आता हे तोंड काळ्या मातीच्या गाडवाटेवर, पुढच्या ट्रकने उडवलेल्या धुरळ्यात धरा.

६/ मुरमाची बारीक धूळ सिलिंडरात शिरली की तेलात मिसळून पॉलिश कागदासारखी घासते. पिस्टनच्या रिंगा झिजतात, लायनर झिजतात, इंजिन तेल खाऊ लागते. शेवटी इंजिन उतरवून बोअर करावे लागते आणि ऐन हंगामात ट्रक गॅरेजमध्ये उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात रणगाड्यांचीही हीच गत होत होती. तिथे हवा गाळणे हा युद्धाचाच भाग झाला.

७/ त्या काळचा सर्वमान्य उपाय म्हणजे तेलाचा एअर क्लीनर. डब्याच्या तळाशी तेल. हवा वरून खाली येते, तेलाजवळ एकदम उलटी वळते. जड कण वळू शकत नाहीत, तेलात पडतात; उरलेले ओल्या जाळीत अडकतात. पत्र्याचा डबा, जाळी आणि जुने तेल! वेल्डिंग येणाऱ्या कोणालाही हे बांधता येईल असे वाटणारच.

८/ आणि लोकांनी ते बांधले. घरगुती बांधणीतली सर्वांत शहाणी कल्पना म्हणजे श्वासाचे तोंड चाकांजवळून काढून पाइपाने केबिनच्या टपावर नेणे. वर धूळ कमी, हवा इंजिनाजवळच्या हवेपेक्षा थंड, म्हणून अधिक दाट. ओढ्यातून जाताना इंजिनाने पाणी ओढण्याची भीतीही कमी. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरात भरले तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

९/ चूक होई ती पाइपाच्या मापात. हाताशी असलेला दोन इंची पाइप लावला जाई. चार इंची पाइपाचे तोंड त्याच्या चौपट असते, दुप्पट नव्हे. अरुंद पाइपाचा ट्रक सपाटीवर चालतो, पण भरल्या मालानिशी घाट चढताना काळा धूर ओकतो: इंधन आहे, हवा नाही. त्याहून वाईट चूक म्हणजे ‘मोकळा श्वास’ मिळावा म्हणून गाळणीच काढून टाकणे. चार दिवस जोर वाढल्यासारखा वाटतो. इंजिनाचे आयुष्य त्यात जाते.

१०/ तेलाच्या डब्याचा एक धोका तर भयंकर. खुणेपेक्षा जास्त तेल भरले तर इंजिन ते तेलच ओढून जाळू लागते. डिझेल बंद केले तरी थांबत नाही, वेग वाढतच जातो. मग एकच मार्ग उरतो, हवेची वाट बंद करणे. ते तोंड हाताने झाकू नये. ओढ जबर असते.

११/ पुढे कागदी गाळणी आली. ती शंभरांतले नव्व्याण्णवहून अधिक कण अडवते, पण कोंदली की बदलावी लागते. तेलाचा डबा नुसता धुऊन चालत असे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले. आता धूर स्वच्छ ठेवण्यासाठी इंजिनाचे संगणक हवा-इंधनाचा मेळ सतत तपासत असतात; पाइपात हात घातला की दिवा लागतो आणि जोर उतरतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ मूळ रचना बदलण्यावर बंधन घालते.

१२/ जुन्या ट्रकवाल्यांसाठी एक परीक्षा, जिला यंत्र लागत नाही. इंजिन बंद ठेवून गाळणीनंतरचा रबरी होज सोडवा आणि आतून बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर गाळणी कितीही नवी असो, क्लिप ढिली आहे किंवा होज फाटला आहे.