कातळ एक, हात निराळे

बीड जिल्ह्यातील कपिलधार हे संत मन्मथस्वामींचे समाधिस्थान. बालाघाटच्या डोंगरात काळ्या कातळावरून पाण्याची धार कोसळते आणि कार्तिकी पौर्णिमेला वीरशैव भाविकांची तेथे दाटी होते. हा मुलूख सीताफळांचा, द्राक्षारसाचा नव्हे. आणि तीर्थाच्या ठिकाणी असला विषय काढणे शोभणारेही नाही. परंतु तो कातळ पाहून आमच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो परतीच्या वाटेवरही सुटला नाही. ज्वालामुखीचा हाच काळा पाषाण नाशिकपासून अकलूजपर्यंत पसरला आहे आणि त्याच्याच मातीत महाराष्ट्राची तांबडी वाइन पिकते. मग एका घरची वाइन दुसऱ्या घरच्या वाइनसारखी का लागत नाही? हवामान, उंची, वेलाची जात ही उत्तरे खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. उरलेले उत्तर बनवणाऱ्याच्या हातात असते.

आपल्या समाजाला द्राक्षारस प्रथम दिसतो तो वेदीवर. तेथे बनवणाऱ्याच्या आवडीनिवडीला स्थान नाही. 1983 च्या धर्मसंहितेतील 924 वा नियम एवढेच मागतो की तो द्राक्षफळाचाच, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात सिस्टर्शियन मठवासीयांनी बाराव्या शतकापासून ‘क्लो द वूजो’ हा मळा जोपासला व त्याभोवती दगडी भिंत घातली. फ्रेंच राज्यक्रांतीत तो मठाच्या हातून गेला. आज त्या सुमारे 50 हेक्टरांचे 80 च्या आसपास मालक आहेत. भिंत एक, वेलही एकाच जातीचे, पिनो न्वारचे. चढावरची आणि सखलातली माती तेवढी थोडी वेगळी. तरीही शेजारशेजारच्या ओळींतून निघालेल्या वाइन जाणकारांना निरनिराळ्या लागतात. कोणी देठांसकट घड आंबवतो, कोणी दाणे सोडवून घेतो. कोणी नव्या ओकच्या पिंपांवर पैसा ओततो, कोणाला जुनी पिंपेच बरी वाटतात.

हे हाताचे काम नेमके कोठे चालते, ते थोडे सांगितले पाहिजे. काळ्या द्राक्षाचा रस बहुधा फिकटच असतो. रंग आणि तुरटपणा सालीत व बियांत असतो. म्हणून रसाला सालींच्या सहवासात चार-पाच दिवस ठेवावयाचे की तीन आठवडे, हा मोठा निर्णय. वर तरंगून आलेला सालींचा थर दिवसातून किती वेळा रसात बुडवावयाचा, आंबवण किती उष्णतेवर होऊ द्यावयाचे, पिंपात किती महिने ठेवावयाचे आणि शेवटी कोणत्या टाकीतील वाइन कोणत्या टाकीत मिसळावयाची, यातील एकही गोष्ट जमीन ठरवीत नाही. या सर्वांच्या आधी येतो तोडणीचा दिवस. आमच्या मते माणसाचा स्वभाव सर्वांत उघडा पडतो तो येथेच.

महाराष्ट्रात तर हा दिवस फारच अवघड. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पाऊस ओसरताना गोडी छाटणी असा दुहेरी खटाटोप करून फळ जानेवारी ते मार्चमध्ये आणावे लागते. ऊन चढू लागले की साखर झपाट्याने वाढते, आंबटपणा उतरतो, पण बिया अजून हिरव्या असतात. लवकर तोडावे तर तुरटपणा कच्चा, थांबावे तर वाइन जड व निस्तेज. पाश्चात्त्य ग्रंथात या पेचाचे तयार उत्तर सापडत नाही.

तरी आरंभी हात बाहेरूनच आले. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन काढली. शेजारच्या कर्नाटकात नंदी हिल्सच्या ग्रोव्हर मळ्याला 1990 च्या दशकाच्या मध्यापासून बोर्दोचे मिशेल रोलां यांचा सल्ला लाभला. पूर्ण पिकलेले फळ, मऊ तुरटपणा, ओकचा सुगंध ही त्यांची खूण. जगभर त्यांच्या हाताखालून गेलेल्या वाइन एकसारख्या लागतात, असा आक्षेप 2004 च्या ‘मोंडोविनो’ या माहितीपटातून गाजला होता. नाशिकला राजीव सामंत यांनी कॅलिफोर्नियाचे केरी डॅमस्की यांना सोबत घेतले आणि 2000 साली सुलाचे दार उघडले. अकलूजला 2007 च्या सुमारास मोहिते-पाटील, सेखरी आणि सेच्ची या भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे भाऊच. टस्कनीचे पिएरो मासी यांनी आपल्या प्रांताचे सांजोवेझे द्राक्ष सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात लावले व कॅबर्ने सोव्हिन्योंशी त्याची सांगड घालून ‘सेत्ते’ केली. सेत्ते म्हणजे सात. सहा भाऊ आणि सातवे मासी. पुढे मासी आणि ब्रिटिश जाणकार स्टीव्हन स्परियर (निधन 2021) यांच्या आद्याक्षरांनी ‘एम/एस’ ही वाइन निघाली. बनवणाऱ्याची सही थेट बाटलीवर आली.

आम्हांस या परक्या हातांविषयी आकस नाही, त्यांनी शिकविले. पण ती सही पुरी करण्यासाठी ज्याला सर्वांत अधिक सोसावे लागते तो शेतकरी. खाण्याच्या द्राक्षांत त्याची सारी हुशारी भरघोस घड आणि वजन यांत असते. वाइनमेकर येऊन त्यालाच अर्धे हिरवे घड खाली पाडावयास सांगतो, कारण त्याला थोडे पण गाढ फळ हवे असते. 2001 च्या राज्य धोरणानंतर पुष्कळांनी असे वेल लावले. 2008 नंतरच्या मंदीत मागणी आटली, तेव्हा अनेकांनी ते उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे धरली. जे टिकले त्यांच्या मळ्यात जानेवारीच्या पहाटे, ऊन येण्यापूर्वी, तोडणी चालते. शेतकरी एक दाणा दाताखाली चिरडतो, बी तळहातावर घेऊन तिचा तपकिरी रंग पाहतो आणि शेजारी उभ्या असलेल्या तरुण वाइनमेकरला म्हणतो, “साहेब, अजून चार दिवस थांबा.”