अण्णांचा स्पुटनिक

आमच्या अण्णांना आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान. एक, सदाशिव पेठेत राहून दुपारी दोन वाजता आलेल्या पाहुण्याला चहा पाजल्याचा. आणि दोन, १९५७ साली वाड्याच्या गच्चीवरून स्पुटनिक पाहिल्याचा. पहिल्या गोष्टीला साक्षीदार नव्हता. दुसरीला मी होतो. वय वर्षे आठ, डोक्याला कानटोपी.

रशियाने ४ ऑक्टोबरला तो सोडला. नोव्हेंबरातल्या एका पहाटे अण्णांनी सारा वाडा उठवला. काळ्या आकाशातून एक ठिणगी, न लुकलुकता, मुकाट सरकत गेली. शेजारच्या काकूंनी चक्क हात जोडले. मी महिनाभर शाळेत भाव खाल्ला!

मोठेपणी ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जाऊ लागलो. हौशी आकाशनिरीक्षकांची ही पुण्यातली संस्था १९४४ सालची. उपग्रह पाहायचे ते दिवेलागणीला किंवा पहाटे, हे मला तेव्हा उमगलं. आपल्याकडे अंधार असतो, पण तिकडे उंचावर ऊन असतं, म्हणून ते चमकतात. पण खुद्द स्पुटनिक जेमतेम ५८ सेंटिमीटरचा गोळा. नुसत्या डोळ्यांना दिसणं मुश्कीलच. जगानं पाहिलं ते त्याच्यासोबत कक्षेत गेलेलं, पंचवीस मीटरहून लांब असं रॉकेटचं रिकामं नळकांडं. म्हणजे लग्नाला जाऊन नवरदेव समजून घोडाच पाहून यावा, तसं झालं!

अण्णांना हे सांगायचं कसं? ११ जुलै १९७९ च्या रात्री स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून लोक धास्तावलेले, आणि अण्णा छत्री घेऊन गच्चीवर. "स्पुटनिक पाहिलाय मी, ही काय चीज आहे!" वर ढगच ढग. स्कायलॅब पडली हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात. अण्णांना फक्त पडसं झालं. मी गप्प राहिलो तो कायमचाच.

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याच्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशातून जळते गोळे गेले. लोक म्हणाले, उल्का! चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत तर धातूचं भलंमोठं कडंच पडलं. जाणकारांच्या मते तो होता चिनी रॉकेटचा सांगाडा. मला अण्णा आठवले. त्या रात्री माळ्यावरची त्यांची १९५७ ची डायरी काढली. दूध, वाणी, इस्त्री, आणि मध्येच एक ओळ :

"पहाटे रॉकेट दिसले. स्पुटनिक नव्हे. बाळ्या फार खुशीत होता, म्हणून बोललो नाही."