कुजतं ते ठीक, पण बनतं कुठे?

पाच जून जवळ आला की आपल्या तिन्ही शहरांतल्या पर्यावरण संस्थांची एकच धावपळ सुरू होते. झाडं नंतर, आधी टी-शर्ट, टोपी, बॅज, पेन आणि पिशवी. कोटेशन मागवलं की हल्ली प्रत्येक ओळीत एक शब्द असतोच. बायोडिग्रेडेबल. पेन बायोडिग्रेडेबल, बॅज बायोडिग्रेडेबल, पिशवीचं तर विचारूच नका. नदी वाचवायला काढलेल्या फेरीत नदीत तरंगणारी वस्तू वाटायची नाही, ही भावना चांगलीच आहे. त्याबद्दल वाद नाही.

पण मंडळी, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या माणसाने हा शब्द ऐकून लगेच मान डोलावू नये. कारण मातीत जाणाऱ्या वस्तू आपण शंभर वर्षं बनवतोय. आगपेटी आपली. रेयॉन आपलं. सुती जीन्स आपली. या तिन्ही कुजणाऱ्या वस्तू आहेत. आणि त्या बनवणाऱ्या पट्ट्यातली वालधुनी एकदा पुलावर उभं राहून बघा. नाक धरून बघा.

आगपेटीपासून सुरुवात करू, कारण जाहिरातीची वस्तू म्हणून तिच्या तोडीचं दुसरं काही आपल्याकडे क्वचितच झालं असेल. १९२२ साली इंग्रज सरकारने बाहेरून येणाऱ्या काड्यापेट्यांवर दर ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया जकात बसवली. तोवर आपल्याकडे स्वीडन आणि जपानची पेटी चालायची. जकातीची भिंत उभी राहिल्यावर स्वीडिश मॅच कंपनीने भिंतीच्या आत येऊनच कारखाने काढायचं ठरवलं. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी निघाली, तीच आपली विम्को. बरेली, कलकत्ता, मद्रास आणि आपलं अंबरनाथ. या स्वीडिश धंद्याचा मालक आयव्हर क्रूगर जगभरातल्या सरकारांना कर्ज देऊन बदल्यात काडेपेटीची मक्तेदारी घ्यायचा. १९३२ मध्ये पॅरिसमध्ये त्याने स्वतःला गोळी घालून घेतली आणि मागे हिशोबातले घोटाळे बाहेर आले. आज अंबरनाथला रिक्षावाल्याला ‘विम्को नाका’ म्हटलं की तो बरोबर सोडतो. कारखाना बंद पडला, नाक्याचं नाव राहिलं.

पेटी कशाची? लाकडाच्या काड्या, लाकडाच्या पातळ पापुद्र्याची नाहीतर पुठ्ठ्याची डबी, वर कागदाचं लेबल. प्लास्टिकचा कणही नाही. आणि ते लेबल म्हणजे गरिबातल्या गरीब घरात रोज दहा वेळा हातात जाणारी जाहिरात. स्वदेशीच्या काळात त्यावर भारतमाता आली, पुढारी आले. पुढे हॉटेलांनी, कंपन्यांनी स्वतःच्या नावाच्या पेट्या छापून गिऱ्हाइकाला फुकट वाटल्या. लोकांनी लेबलं जपून वह्यांत चिकटवली. आजच्या भाषेत सांगायचं तर शंभर टक्के बायोडिग्रेडेबल प्रमोशनल गिफ्ट.

आता दुसरी बाजू. मुंबईच्या आसपासच्या कारखान्यांना आपल्या सावरीचं लाकूड पुरेसं, हवं तसं मिळेना, म्हणून परदेशातून आस्पेनचे ओंडके जहाजाने आणले जात. पुढे १९७०-८० च्या दशकांत याच विम्कोला उत्तर प्रदेशच्या तराईत शेतकऱ्यांकडून पॉप्लरची लागवड करून घ्यावी लागली. काडी कुजते हो, पण तिच्यासाठी झाड कुठून तरी तोडावंच लागतं. आणि काडीच्या डोक्यावरचा मसाला? जुन्या पेट्यांत पांढरा फॉस्फरस असायचा. तो हाताळणाऱ्या कामगारांचा जबडा अक्षरशः सडायचा. १९०६ च्या बर्न कराराने जगात, आणि १९१३ च्या कायद्याने आपल्याकडे, त्याच्यावर बंदी आली. विम्को आली ती त्यानंतरची, लाल फॉस्फरसवाल्या सेफ्टी मॅचची. म्हणजे गंमत अशी, की जबडा सडवणारी जुनी पेटीही तेवढीच बायोडिग्रेडेबल होती. तिला बंदी आणली ती कचऱ्यासाठी नाही, कामगारासाठी.

तिथून चार-पाच किलोमीटरवर उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना याच बराकींत ठेवलं, आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळालं. नाव दिलं नदीचं. पुढे काय केलं नदीचं ते पुढे येईलच. १९५६ पासून शहाडला सेंच्युरी रेयॉन सुरू झालं आणि गावाला रोजगार मिळाला, भोंग्यावर घड्याळं लागली.

रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा. व्हिस्कोस म्हणतात तो हाच. १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी ही रीत शोधली. याच लगद्याची पातळ पट्टी काढली की सेलोफेन होतो, म्हणजे बिस्किटाच्या पुड्याला, अगरबत्तीला असायचा तो चुरचुरणारा पारदर्शक कागद. धागा काय, कागद काय, दोन्ही शेवटी सेल्युलोज, झाडाचंच अंग. साधं कापड मातीत पुरलं तर काही महिन्यांत दिसेनासं होतं. हल्ली ‘वूड बेस्ड’, ‘प्लांट बेस्ड’ म्हणून जे महाग टी-शर्ट संस्थांना दाखवतात, त्यातला बराचसा माल याच जातीचा.

पण लगद्याचा धागा व्हायला आधी कॉस्टिक सोडा लागतो, मग कार्बन डायसल्फाइड, मग गंधकाम्लाची आंघोळ. कार्बन डायसल्फाइड मज्जातंतूंना आणि डोक्याला बाधतो, हे युरोपातल्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय. पुढे युरोप-अमेरिकेतल्या रेयॉन गिरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या कामगारांनी ते सोसलं. आणि हा पदार्थ किती पटकन पेटतो ते आपण २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पाहिलं. शहाडच्या कंपनीत टँकरचा स्फोट झाला, कामगारांचे जीव गेले. इथे मी कुणा एका कंपनीच्या मागे लागलेलो नाही, या धंद्याची रीतच ती आहे. टी-शर्टच्या टॅगवर झाडाचं पान छापलेलं असतं, टँकर छापलेला नसतो, एवढंच.

जीन्सचं फार सांगायला नको, आपण सगळे तिच्यातच वाढलो. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपल्या वडिलांच्या वेळचा. कॅम्प चार-पाचमध्ये घराघरात मशीन. डेनिम म्हणजे मुळात कापूस. पण दुकानात विकायची तर जीन्स फिकी हवी, जुनी दिसायला हवी. त्यासाठी ब्लीच, परमँगनेट, एन्झाइम, दगडाबरोबर घुसळणं. वॉश कारखान्यांचं ते निळं पाणी वालधुनीत. रासायनिक कारखान्यांचं पाणी होतंच, शहराचं सांडपाणी होतंच, त्यात हे.

वनशक्ती ही संस्था हरित लवादात गेली. २०१५ मध्ये लवादाच्या पुणे खंडपीठाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि सरकारी-स्थानिक यंत्रणांवर मिळून सुमारे ९५ कोटींचा भार टाकला. पुढे वॉश कारखान्यांना टाळी लागली. हजारो हातांचं काम गेलं हेही खरं आणि लिहिलं पाहिजे. काही कारखाने आडगावांत सरकले. त्याआधी २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस वालधुनीत कुणीतरी टँकर रिकामा केला आणि वडोल गाव परिसरातली शेकडो माणसं खोकत, उलट्या करत रात्रीत हॉस्पिटलात भरती झाली होती. त्या टँकरमधला माल कुठल्या वस्तूचा उरलासुरला होता, याचा पत्ता वस्तू वापरणाऱ्याला कधीच लागत नाही.

याच नदीच्या काठी अंबरनाथचं शिवमंदिर उभं आहे, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० च्या शिलालेखाचं. नऊशे वर्षं लोक तिथे बेल-फुलं वाहतायत आणि ती गुपचूप मातीत जातायत. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून नदीत टाकायची अक्कल आपल्या पिढ्यांची.

आता पिशवीवर येतो, कारण सगळ्यात मोठी फसवणूक तिथे आहे. २६ जुलै २००५ ला उल्हास बदलापुरात शिरली, मुंबई बुडाली, गटारं पिशव्यांनी तुंबलेली सापडली, आणि राज्याने ५० मायक्रॉनखालच्या पिशव्यांवर बंदी आणली. मग २३ मार्च २०१८ ची अधिसूचना, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड. १ जुलै २०२२ पासून केंद्राची एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी. त्या यादीत प्लास्टिकचे झेंडे आहेत, फुग्याच्या काड्या आहेत आणि १०० मायक्रॉनखालचे पीव्हीसी बॅनरही आहेत. पर्यावरण फेरीच्या पुढे फ्लेक्स धरणाऱ्यांनी हे शेवटचं जरा वाचावं.

दर बंदीनंतर बाजाराने एक नवी वस्तू आणली. त्यातली सगळ्यात यशस्वी म्हणजे ती मऊ, बारीक ठिपक्यांची, हिरवी-पांढरी ‘कापडी’ पिशवी. नॉन-वोव्हन. ती कापड नाही हो. ते पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे सरळ प्लास्टिकच. केंद्राच्या नियमांत तिचा उल्लेखच प्लास्टिक म्हणून आहे, किमान ६० जीएसएम जाडीची अट घालून. पत्रकार परिषदांत मिळालेल्या अशा पिशव्यांची थप्पी माझ्या घरी आहे. निम्म्यांवर ‘प्लास्टिक टाळा’ छापलंय. दोन-तीन पावसाळे माळ्यावर काढल्या की त्यांचा भुगा होतो, झाडताना हाताला लागतो. तो भुगा कुजत नाही, फक्त बारीक होतो.

‘कंपोस्टेबल’ म्हणून मिळणारी मक्याची पिशवी ही त्याच्यापेक्षा प्रामाणिक वस्तू. तिला आयएस १७०८८ हे मानक आहे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पण ते मानक औद्योगिक कंपोस्टिंगचं आहे, जिथे ५८ अंशांच्या आसपास उष्णता महिनोन्‌महिने टिकवतात. आपल्याकडे ती पिशवी जाणार डम्पिंग ग्राउंडवर, नाहीतर नाल्यात. तिथे ती बराच काळ साध्या प्लास्टिकसारखीच वागते. गाय दोन्ही सारख्याच खाते.

मग खरी सुती पिशवी? डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये हिशोब मांडला. साध्या पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायची तर नवी सुती पिशवी फक्त हवामानाच्या हिशोबाने किमान ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, ओझोन सगळं धरलं तर ७,१०० वेळा. हा हिशोब डेन्मार्कचा, तिथे कचरा नाल्यात जात नाही, त्यामुळे तुंबलेल्या गटाराची किंमत त्यात नाही. तरी ५२ आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही. संस्थेने छापलेली, तारीख आणि पाहुण्यांचं नाव असलेली पिशवी घेऊन कोण ५२ वेळा बाजारात जातं? माझ्या मते ती तारीखच पिशवीचा जीव घेते. पाच जूनची पिशवी सहा जूनला जुनी.

माझं मत विचाराल तर संस्थांनी नवं कापड विकतच घेऊ नये. उल्हासनगरात जीन्सच्या कटिंगची कतरन गोण्यांनी निघते. तिचं पाणी, तिचा रंग, तिचं पाप आधीच झालेलं आहे, ती आता फक्त टाकली जाते. त्याच्या पिशव्या बचत गटातल्या बायका शिवू शकतात, दहा वर्षं फाटत नाहीत. फक्त स्ट्रेच जीन्सची कतरन वेगळी काढा, त्यात इलास्टेन असतं, ते कुजत नाही. छपाई नको, एका कोपऱ्यात दोऱ्याने नाव पुरे. खाऊ द्यायचा असेल तर बदलापूरच्या बाजारात जूनमध्ये आदिवासी बाया पानाच्या द्रोणात जांभळं विकतात, ते बघा. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या द्रोणाचं कुणी कौतुक केलं नाही. त्याला ना मानक, ना प्रमाणपत्र, ना टँकर.

आणि कोटेशन हातात आलंच असेल तर दोन गोष्टी करा. नमुन्याचा एक दोरा काढून काडी लावा. सुती किंवा रेयॉन असेल तर कागदासारखा जळून राख होईल, नॉन-वोव्हन असेल तर वितळून कडक गोळी होईल. आणि विक्रेत्याला लेखी विचारा, हा माल रंगवला कुठे, आणि तिथलं पाणी कुठे जातं. पुढच्या पाच जूनआधी तिन्ही शहरांतल्या जेवढ्या संस्था हे विचारतील त्यांनी मला उत्तरं पाठवा. ‘माहीत नाही’ असं उत्तर आलं तरी पाठवा. दुकानदारांची नावं न घेता एकत्र छापतो.