जिबची शीट कोणी धरायची?

पीएच.डी.साठी विषय शोधताना आपण बहुतेक वेळा मोठ्या गोष्टींपासून सुरुवात करतो. ‘सागरी तंत्रज्ञान आणि समाज’ वगैरे. त्यातून वर्षभर काही निघत नाही. आज मी मुद्दाम एका दोरीबद्दल लिहिणार आहे. शिडाच्या छोट्या होडीत एकच माणूस असेल तर पुढच्या शिडाची दोरी कोण सांभाळणार, एवढाच प्रश्न आहे. पण गेल्या सव्वाशे वर्षांत लोकांनी त्याची जी उत्तरं दिली, ती पाहिली की तंत्रज्ञानाचा इतिहास कसा वाचायचा हे बरंचसं कळतं.

आधी शब्द. डोलकाठीच्या पुढे, नाळेच्या बाजूला जे त्रिकोणी शीड असतं ते जिब. त्याला आवरणारी दोरी म्हणजे शीट. (हो, शीट म्हणजे कापड नव्हे, दोरी. पहिल्यांदा वाचताना सगळेच इथे अडखळतात.) मागच्या मोठ्या शिडाला एक शीट पुरते, जिबला मात्र दोन लागतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. वाऱ्याच्या दिशेने पुढे जायचं तर होडीला नागमोडी जावं लागतं आणि प्रत्येक वळणावर जिब एका बाजूचा दुसऱ्या बाजूला न्यावा लागतो. म्हणजे एकाच वेळी सुकाणूचा दांडा ढकलायचा, एका बाजूची शीट सोडायची, दुसऱ्या बाजूची ओढायची आणि शीड वाऱ्याने पूर्ण फुगण्याआधी ती अडकवून टाकायची. फुगल्यावर ती नुसत्या हाताने ओढणं जवळजवळ अशक्य. दोन माणसं असली तर हे दहा सेकंदांचं काम आहे. एकटा माणूस दांडा सोडून शीटकडे वळला की होडी तोंड फिरवते.

त्यात जिब अडकला की पुढे डेकवर जावं लागतं. तिथून पाय घसरला तर होडी थांबत नाही. ती जितकी चांगली आपोआप चालणारी, तितकी लवकर ती तुम्हाला मागे टाकून निघून जाणार. एकट्याच्या नौकानयनातला हा भयंकर पेच आहे. एरिक ताबार्ली हा १९६४ची एकट्याची अटलांटिक शर्यत जिंकलेला फ्रेंच खलाशी. १९९८च्या जूनमध्ये तो रात्री शीड कमी करताना पाण्यात पडला आणि सोबत माणसं असूनही वाचला नाही. तेव्हा शिडाचं काम कॉकपिटमध्ये बसून करता यावं ही मागणी आळसातून आलेली नाही.

आता जोशुआ स्लोकम. एप्रिल १८९५मध्ये तो ‘स्प्रे’ नावाच्या सुमारे ३७ फुटी होडीतून बॉस्टनहून निघाला आणि जून १८९८मध्ये जगाला प्रदक्षिणा घालून परतला. एकट्याने केलेली ही पहिली प्रदक्षिणा. त्याच्याकडे आपोआप सुकाणू धरणारं कुठलंही यंत्र नव्हतं. तरी हिंदी महासागरात थर्सडे बेट ते कीलिंग बेटं हा २३ दिवसांचा, २७०० मैलांचा टप्पा आपण जेमतेम तीन तास सुकाणूवर बसून पार केला असं तो लिहितो. हे जमलं कसं? स्प्रेचा लांब, सरळ तळ हे एक कारण. दुसरं कारण शिडांचा तोल. वारा मागून असताना तो जिब मधोमध घट्ट ताणून ठेवायचा. होडीचं तोंड भरकटलं की वारा एका बाजूने जिबवर आदळायचा आणि नाळेला परत रांगेत आणायचा. इथे जिब होडी ओढत नाही, दुरुस्त करतो. शीट एकदा बांधली की तिला हात लावायचा नाही, हेच तिचं नियंत्रण.

यापुढची उडी मला सगळ्यात आवडते. १९३०मध्ये आयर्लंडच्या ऑटवे वॉलरने ‘इमोजेन’ या होडीवर दोन सारखी पुढची शिडं पंखांसारखी दोन्हीकडे पसरली आणि त्यांच्या दोऱ्या कप्प्यांतून फिरवून थेट सुकाणूच्या दांड्याला बांधल्या. फ्रान्सचा चित्रकार-खलाशी मारँ-मारी १९३३मध्ये ‘विनिबेल’मधून अशाच व्यवस्थेने अटलांटिक ओलांडून गेला. कागदावर काढून पाहा, पटकन समजेल. वारा पाठीमागून आहे. होडीचं तोंड डावीकडे वळलं, तर वारा आता डाव्या कुशीमागून येतो. दोन्ही शिडं बाजूला आणि थोडी पुढे झुकलेली असल्याने डाव्या शिडावर तो जास्त सरळ पडतो. डावी दोरी दांडा डावीकडे खेचते, आणि दांडा डावीकडे गेला की होडी उजवीकडे वळते. तोंड सरळ झालं की दोन्हीकडचा ताण सारखा. वीज नाही, गिअर नाही, एक सुटा भाग नाही.

म्हणजे ‘शीट कोणी धरायची’ या प्रश्नाला इथे उलटं उत्तर मिळालं. शीटच सुकाणू धरते. अडचण एवढीच की वारा मागून असेल तरच हे चालतं. वाऱ्याच्या दिशेने जाताना काय करायचं ते जॉन लेचर याने १९७४च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडलं. शीटवरून एक दोरी काढून ती कप्प्यातून दांड्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला न्यायची आणि दुसऱ्या बाजूला रबराची ताणणारी नळी बांधायची. झोत आला की होडी वाऱ्याकडे तोंड वळवू पाहते, पण त्याच झोताने शीटवरचा ताणही वाढतो आणि दांडा वाऱ्याकडे खेचला जाऊन तोंड परत खाली येतं. झोत ओसरला की रबर दांडा मागे आणतं. रबर किती ताणायचं हे मात्र प्रत्येक होडीवर नव्याने शोधावं लागतं.

दरम्यान विंच आले, पुढे दोरीचं टोक स्वतःच पकडून ठेवणारे विंचही आले. दात असलेल्या छोट्या पकडी आल्या, त्यांत दोरी एका झटक्यात अडकते आणि एका झटक्यात सुटते. काही होडींवर जिब छोट्या आडव्या दांड्यावर बसवून त्याची शीट डेकवरच्या पट्टीवर सरकती ठेवली, म्हणजे वळताना जिब आपणहून बाजू बदलतो. किंमत अशी की असा जिब डोलकाठीच्या मागे जाऊ शकत नाही, म्हणून लहान राहतो.

ब्लाँडी हॅस्लरने मात्र प्रश्नच पुसून टाकला. दुसऱ्या महायुद्धात गाजलेला हा ब्रिटिश मरीन अधिकारी. त्याची ‘जेस्टर’ ही २५ फुटी होडी १९५३ची. आधीची शिडांची रचना पटली नाही म्हणून त्याने तिच्यावर चिनी जंक पद्धतीचं एकच शीड बसवलं. जिबच नाही! वळायचं तर दांडा ढकला, बाकी शीड आपलं आपण फिरतं. डेकच्या मधोमध एक गोल झडप, तिच्यात उभं राहून सगळ्या दोऱ्या हाताशी. पुढे डेकवर जाण्याची गरजच उरली नाही. चिनी खलाशी शतकानुशतकं जे वापरत होते ते इथे ‘नवं’ ठरलं. इतिहासकार डेव्हिड एजर्टन ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या पुस्तकात सांगतो की शोध कधी लागला यापेक्षा वस्तू वापरात कशी आहे ते पाहा. त्याला याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

१९६०च्या पहिल्या एकट्याच्या अटलांटिक शर्यतीत पाच होड्या होत्या. फ्रान्सिस चिचेस्टर नेहमीच्या पद्धतीची, मोठे जिब असलेली ३९ फुटी ‘जिप्सी मॉथ ३’ घेऊन साधारण ४० दिवसांत पोचला, हॅस्लर ४८ दिवसांत दुसरा. यावरून ‘जिबवाली होडी जिंकली’ असं लिहायचा मोह होतो. थांबा. होडीचा वेग ढोबळमानाने लांबीच्या वर्गमूळाप्रमाणे वाढतो. ३९ भागिले २५ याचं वर्गमूळ सुमारे १.२५ येतं आणि दिवसांचं गुणोत्तर १.२. म्हणजे नुसत्या लांबीनेच हा फरक समजावता येतो. शिवाय हॅस्लरने बरीच उत्तरेची वाट धरली होती. शिडाच्या पद्धतीबद्दल हे दोन आकडे जवळपास काहीच सांगत नाहीत. तुमच्या प्रबंधातही अशा देखण्या जोड्या भेटतील, त्यांच्याकडे संशयाने बघा.

आपल्याकडचा धागाही आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. थांबा न घेता एकट्याने जगप्रदक्षिणा करणारी पहिली होडी ‘सुहेली’ ही ३२ फुटी, सागवानाची, मुंबईत बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. जून १९६८ ते एप्रिल १९६९ या प्रवासात त्याचं आपोआप सुकाणू धरणारं यंत्र अर्ध्या वाटेत मोडलं. मग काय केलं? शिडं कमीजास्त करून, शीटा सैल-घट्ट करून होडी तोलली आणि पुढे गेला. ७३ वर्षांनी तीच स्लोकमची रीत! नऊ जणांच्या त्या शर्यतीत पूर्ण करणारा तो एकटाच. पुढे २००९-१०मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. पण ती ५६ फुटी, शिडंही तेवढीच मोठी, तिचा हिशेब वेगळा.

या विषयावर काम करायचं असेल तर साधनांची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. खलाशांची पुस्तकं वादळांनी भरलेली असतात. रोज चाळीस वेळा ओढलेल्या दोरीबद्दल कोणी लिहीत नाही, कारण ते इतकं सवयीचं झालेलं असतं. ती माहिती सापडते परिशिष्टांत, शिडांच्या आराखड्यांत, सामानाच्या याद्यांत आणि काय काय मोडलं याच्या तक्रारींत. स्लोकमच्या पुस्तकाचं परिशिष्ट तर अवघ्या काही पानांचं आहे. कथा नंतर वाचा. आधी ते परिशिष्ट घ्या, शेजारी कागद-पेन्सिल ठेवा आणि प्रत्येक दोरी कुठून निघून कुठे बांधली आहे ते काढत जा.