१८ एप्रिल : रघुबीर सिंग स्मृतिदिन
रंगीत छायाचित्रे म्हणजे जाहिरातवाल्यांचे काम, असे जाणकार मानत त्या काळात भारतातले रस्ते रंगीत फिल्मवर टिपणारे छायाचित्रकार रघुबीर सिंग यांचे १९९९ साली आजच्या दिवशी न्यूयॉर्क येथे निधन झाले. जन्म जयपूरचा, १९४२ चा. तिथेच १९६६ मध्ये त्यांनी कृष्णधवल छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांना काम करताना पाहिले. वाट मात्र त्यांची कृष्णधवल नव्हे, स्वतःची धरली. रंगाविना भारत दिसतच नाही, ही त्यांची ठाम धारणा. मुक्काम पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कला. भटकंती गंगाकाठी, राजस्थानात, केरळात. १९८३ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. अँबॅसिडर मोटारीच्या चौकटीतून पाहिलेल्या भारताचे पुस्तक त्यांच्या पश्चात, २००२ मध्ये आले. मुंबईवरचे पुस्तक १९९४ चे. मुंबईकरांनी तेवढे तरी चाळावेच.